देवघरातली सरळ तलवार पोर्तुगीज आहे का?

मावळकर: खंडेनवमीला आम्ही पुजतो ती तलवार. पातं सरळ, दुधारी, अणीकडे निमुळतं. नळात, म्हणजे पात्यावरच्या लांब खोबणीत, झिजलेली रोमन अक्षरं आहेत, त्यातलं ‘आंद्रिया फे’ एवढं लागतं. मुठीला रुंद परज (हात झाकणारं कवच), आत मखमली गादीच्या चिंध्या, वर गज. काका म्हणतात, वसईच्या लुटीतली पोर्तुगीज तलवार. खरं असेल का?

जुनंलोखंड: पातं आणि मूठ वेगवेगळी बघा, एकाच गावची समजू नका. मूठ सोळा आणे आपली. परज, गादी, दोन्ही हातांनी वार करताना डाव्या हातात धरायचा गज, सगळी खांड्याची, म्हणजे आपल्या सरळ रुंद तलवारीची, घडण. पातं मात्र युरोपातलं दिसतंय. खांडा अणीकडे रुंदावतो, तुमचं निमुळतं होतंय. फिरंग म्हणतात ती हीच.

आंद्रिया फेरारा हा सोळाव्या शतकातला, इटलीतल्या बेल्लुनोचा तलवारी घडवणारा. पण त्याच्या नावाला एवढा भाव आला की जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर आपल्या पात्यांवर तेच ठोकू लागले, तेही हव्या त्या स्पेलिंगने. स्कॉटलंडच्या तलवारींवर तर ते ढिगाने सापडतं. म्हणून नावावर मी दमडी लावणार नाही. आसपास धावत्या लांडग्याची ओबडधोबड आकृती दिसते का? चार-पाच रेघांचाच असतो, कुत्राही वाटेल. तो असेल तर झोलिंगेनकडे पारडं झुकतं. अर्थात त्याचीही नक्कल व्हायची.

कोकणी_माणूस: मग वसईचं काय?

जुनंलोखंड: घराण्यात सांगतात ते मी सहसा खोडत नाही, पण १७३९ साली वसई पडली तेव्हा तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी हत्यारांसकट बाहेर पडली होती. आणि फिरंगेसाठी लूट कशाला हवी? नुसती पाती जहाजाने येत, मुठी इथे चढत.

मावळकर: मूठ जरा हलते. आतून काळं, डांबरासारखं काहीतरी निघतंय. दसऱ्याआधी सगळी चिंचेने घासून घेऊ का?

जुनंलोखंड: अजिबात नको! उरलीसुरली अक्षरं जातील. मऊ फडक्याने तेलाचा हात फिरवा, पुरे. ते काळं बहुधा लाख-राळेचं मिश्रण, मूठ त्यातच बसवतात. तापवली की सुटते, म्हणून जुन्या पात्यावर नवी मूठ चढवणं सोपं. तुमची मूठ पात्याहून शंभर वर्षांनी धाकटी असू शकते. तुम्ही मात्र तापवू नका. नळाचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उजेड तिरपा घ्या, फ्लॅश नको.