'लाइव्ह' इलेक्ट्रॉनिक संगीत: थेट, प्रत्यक्ष की जिवंत?

प्रश्न: इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तीन पिढ्यांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'लाइव्ह' या विशेषणापाशी अडलो आहे. 'थेट' लिहावे, तर क्रिकेटच्या सामन्याची आठवण होते आणि 'प्रत्यक्ष' फारच कार्यालयीन वाटते. शिवाय १९६० सालच्या वादकाला आणि आजच्या लॅपटॉपवाल्याला एकच शब्द चालेल काय?

प्रतिसाद: 'थेट'मध्ये अंतर ओलांडून तत्काळ पोहोचणे हा अर्थ प्रधान आहे, आणि येथे अंतराचा प्रश्नच नाही. १९५० च्या दशकात पॅरिस आणि कोलोन येथील स्टुडिओंत ध्वनिफिती कापून-जोडून रचना सिद्ध होत आणि सभागृहात बहुधा ध्वनिवर्धकच तेवढे 'गात'. 'लाइव्ह' हा शब्द त्या फितीच्या विरोधात उभा राहिला. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या १९६० च्या 'कार्ट्रिज म्यूझिक'मध्ये वादक ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये सुईच्या जागी तारा, काड्या, पिसे खोचून त्यांचे एरवी ऐकूही न येणारे आवाज मोठे करतात. जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांच्या १९६४ च्या 'मिक्रोफोनी १'मध्ये टॅम-टॅम या धातूच्या थाळीसारख्या एकाच भल्या मोठ्या वाद्यावर दोघे आघात करतात, दोघे त्याच्याजवळ मायक्रोफोन फिरवतात आणि उरलेले दोघे फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळणारी उपकरणे, हाताळतात.

यासाठी मला 'जिवंत' हाच शब्द योग्य वाटतो. गणेशोत्सवातल्या 'जिवंत देखाव्या'त मूर्तींऐवजी हाडामासाची माणसे असतात, तर 'जिवंत तारे'त वीज खेळत असते. या संगीताला हे दोन्ही अर्थ हवे आहेत. १९६६ साली रोममध्ये स्थापन झालेल्या 'मुझिका एलेत्रोनिका वीवा' या गटाच्या नावातही 'वीवा' म्हणजे जिवंतच.

आक्षेप: परंतु मराठीत 'जिवंत अभिनय' ही प्रशंसा असते. 'जिवंत संगीत' म्हटल्यास उरलेले मेलेले ठरेल.

प्रतिसाद: आक्षेप मान्य आहे, म्हणून विशेषणाचा भार नामावर टाकावा आणि 'इलेक्ट्रॉनिक संगीताचा जिवंत प्रयोग' असे लिहावे. मैफलीला आपण 'प्रयोग' म्हणत नाही, तो शब्द नाटकाचा, हे खरे. पण ज्या कृतीचा परिणाम आधी ठाऊक नसतो ती प्रायोगिक, ही केज यांची धारणा आणि रंगमंचावरचे सादरीकरण, असे दोन्ही अर्थ मराठीतल्या या एकाच शब्दात आयतेच नांदतात. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात.

पिढ्यांबाबत मात्र सावध राहावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील 'लीग ऑफ ऑटोमॅटिक म्यूझिक कंपोझर्स'ने छोटे संगणक एकमेकांना जोडून वाजवले, तेव्हा यंत्रेही परस्परांना प्रतिसाद देऊ लागली. पुढे लॅपटॉप आल्यावर वादक खरोखर वाजवतो आहे की नुसते बटण दाबून बसला आहे, हे श्रोत्याला कळेना. 'लाइव्ह कोडिंग' करणारे, म्हणजे श्रोत्यांसमोरच संगणकाची आज्ञावली लिहून संगीत घडवणारे, आपला पडदाच भिंतीवर दाखवतात, त्यामागे तीही अडचण आहे. तेथे 'लाइव्ह'चा अर्थ विजेपेक्षा साक्षीकडे झुकतो, म्हणून त्या परिच्छेदात मी 'डोळ्यांदेखत लिहिलेले संगीत' असे लिहीन.