अर्काने यकृत वाचवलं, की विष तयारच होऊ दिलं नाही?

रानवाट: नमस्कार. एम.फार्म.चं शेवटचं सेमिस्टर, विषय फार्माकॉलॉजी. भुईआवळ्याच्या अर्कावर काम केलंय. विस्टार जातीचे प्रयोगशाळेतले रॅट, सहा गट, गटात 6. अर्क सात दिवस तोंडावाटे, शेवटच्या डोसनंतर तासाभराने सीसीएल-फोर (कार्बन टेट्राक्लोराइड, यकृत बिघडवणारं रसायन) ऑलिव्ह तेलात निम्मेनिम मिसळून पोटात. 24 तासांनी रक्त आणि यकृत. नुसत्या सीसीएल-फोरच्या गटात एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एन्झाइम) प्रचंड वाढलं, यकृत फिकट पिवळं पडलं. अर्काच्या गटात एसजीपीटी कमी, एमडीए (मेद जळाल्याची खूण) कमी, ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं संरक्षक द्रव्य) टिकलेलं.

प्री-सबमिशनला बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच विचारलं, "या प्राण्यांत विष तयार झालं होतं हे कशावरून?" मला बोलताच आलं नाही. गाईड म्हणतात, 'अँटिऑक्सिडंट परिणाम' लिही आणि संपव. पण 36 जीव माझ्या हातून गेलेत. त्यांच्या नावावर अर्धवट काही लिहायचं नाहीये मला. कुणी समजावेल का?

जुनी प्रयोगशाळा: अगं, मॅडमनी मुळालाच हात घातलाय. मी 22 वर्षं विषशास्त्राच्या लॅबमध्ये काढली, आणि हा प्रश्न फार कमी थिसिसमध्ये विचारलेला पाहिला.

सीसीएल-फोर आहे त्या रूपात पेशीचं फारसं बिघडवत नाही. यकृतातलं सीवायपी-2ई1 हे एन्झाइम त्यातला एक क्लोरीन तोडतं आणि ट्रायक्लोरोमिथिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्याच्याशी भिडणारा रेणूचा तुकडा, तयार होतो. ऑक्सिजन भेटला की त्याचा पेरॉक्सिल रॅडिकल, तो आणखी जहाल. तो पेशीपटलातल्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढतो, ते मेदाम्ल शेजारच्याचा ओढतं, आणि साखळी पेटत जाते. तू 532 नॅनोमीटरला मोजलेला गुलाबी रंग, ते एमडीए, ही त्या आगीची राख. स्लाइडवर बघ, मेलेल्या पेशी मध्यशिरेभोवती कडं करून दिसतील, कारण हे एन्झाइम तिथेच सर्वांत जास्त असतं.

आता हे लक्षात घे. सीवायपी-2ई1चा जीन काढून टाकलेल्या उंदरांना सीसीएल-फोर दिलं तर त्यांच्या यकृताला जवळपास काही होत नाही. त्यांना कुणी अँटिऑक्सिडंट पाजलेलं नसतं. आग लागलीच नाही तर राखही कमीच मिळणार. तुझ्या अर्काने सात दिवसांत हे एन्झाइमच दाबलं असेल तर आकडे हुबेहूब तुझ्यासारखेच येतील.

नुसता अर्क दिलेला गट होता का? त्याची यकृतं उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये असतील तर मायक्रोसोम (पेशीतला हे एन्झाइम असलेला भाग) काढ आणि पॅरा-नायट्रोफिनॉल या रसायनावर एन्झाइमची क्रिया मोज, साध्या गटाशी ताडून. सीसीएल-फोर दिलेल्या यकृतांत मात्र हे मोजू नकोस. रॅडिकल आपल्याला जन्म देणाऱ्या एन्झाइमलाच निकामी करतो, त्यामुळे तिथला आकडा फसवेल. नवा प्राणी मारण्याआधी फ्रीजर उघड.

तिसरा मजला: ताईंना दुजोरा. मी पॅरासिटामॉलवर काम केलं. तिथेही विष यकृतातच बनतं, एनएपीक्यूआय, आणि ते आधी ग्लुटाथायोन संपवतं. आमचे रॅट दाद देईनात, शेवटी माइस, म्हणजे लहान उंदीर, घ्यावे लागले. एक विचारतो, प्राणी उपाशी ठेवले होते का? उपाशीपोटी ग्लुटाथायोन उतरतं आणि 2ई1 वाढतं. एका गटाचं खाणं काढलं आणि दुसऱ्याचं राहिलं तर तुलनाच बिघडते. आणि रक्त फुटलेली सॅम्पलं वगळ, एसजीओटी (एसजीपीटीसारखंच, पण तांबड्या पेशींतही असणारं एन्झाइम) खोटं वाढतं.

रानवाट: पंधरा दिवसांनी परत आले. खाणं सगळ्याच गटांचं सारखं काढलं होतं, वहीत नोंद आहे. सहाही गटांची यकृतं उणे 80ला सापडली. नुसत्या अर्काच्या गटात एन्झाइमची क्रिया साध्या गटापेक्षा स्पष्ट कमी आली, सहाच्या सहा प्राण्यांत. गाईडना आलेख दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि शीर्षकातला 'अँटिऑक्सिडंट' शब्द त्यांनी स्वतःच खोडला. अर्क नंतर देऊन बघण्यासाठी प्राणी नैतिक समितीकडे एका छोट्या गटाचा अर्ज करतेय. सीसीएल-फोरनंतर किती तासांनी द्यावा?

जुनी प्रयोगशाळा: सहा तासांनी दे. रॅडिकल बनण्याचं बरंचसं काम तोवर उरकलेलं असतं. तेव्हाही यकृत वाचलं, तर एन्झाइम दाबण्यापलीकडे अर्कात काही आहे असं म्हणता येईल. आणि तेवढंच तेल दिलेला गट ठेवायला विसरू नकोस.