मदत हवी: लोणारची चंद्र-मंगळावरच्या विवरांशी तुलना (एम.एस्सी. प्रकल्प), डेटा, मोजणी आणि संधी

बुलडाणा_भूशास्त्र:
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. भूशास्त्र, शेवटचं वर्ष. विषय: लोणार आणि त्याच आकाराची चंद्रावरची व मंगळावरची विवरं, खोली भागिले व्यास हे गुणोत्तर. हाताशी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, क्यूजीआयएस (नकाशांवर मोजणी करायचं सॉफ्टवेअर) आणि मोबाइलचा दीड जीबी रोजचा डेटा. संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही.

चंद्रासाठी लोला या लेसर उंचीमापकाचा ११८ मीटर पिक्सेलचा डीईएम (उंचीचा डिजिटल नकाशा) घेतला. कॅटलॉगमध्ये १.८ किमी असलेलं विवर क्यूजीआयएसमध्ये ६.६ किमी भरलं आणि खोली ७२० मीटर आली. गुणोत्तर ०.११. मंगळासाठी मोला हा तसाच डीईएम घेतला, तर विवर दिसतच नाही. कुठं चुकतंय? लोणारवर प्रत्यक्ष काय मोजता येईल? आणि अशा कामाला पैसे देणारं कुणी असतं का?

काळी_माती:
ताई, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ६.६ भागिले १.८ म्हणजे ३.६७. पृथ्वीची त्रिज्या ६३७८ किमी, चंद्राची १७३७.४. भागून पाहा, तेच ३.६७ येतं. प्रोजेक्टचा सीआरएस (अंश कोणत्या गोलाच्या मापाने मोजायचे ती व्यवस्था) डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे पृथ्वीवर राहिलाय, म्हणून सॉफ्टवेअर चंद्रावरचे अंश पृथ्वीच्या मापाने मोजतंय. (मंगळावर हीच चूक १.८८ पट येते.)

खोलीची चूक वेगळी आहे. लोलाच्या या फाइलमध्ये उंची १६ बिटच्या पूर्णांकात साठवलेली असते आणि मीटर काढायला तिला ०.५ ने गुणावं लागतं. ते राहिलं की सगळी उंची दुप्पट. तुमचे ७२० म्हणजे खरे ३६० मीटर. आता ३६० भागिले १८०० करा: ०.२०. चंद्रावरचं ताजं, साधं, वाटीसारखं विवर इथंच बसतं. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि ०.११ हा आकडा 'झिजलेलं विवर' म्हणून सहज खपला असता. म्हणून गुणोत्तर काढण्याआधी व्यास आणि खोली सुटी-सुटी तपासा.

दुरुस्ती अशी: क्यूजीआयएसमध्ये कस्टम सीआरएस तयार करा, त्रिज्या १७३७४०० मीटर, प्रोजेक्शन स्टिरिओग्राफिक, केंद्र म्हणजे तुमच्याच विवराचे अक्षांश-रेखांश. इक्विरेक्टँग्युलर (अक्षांश-रेखांशांचे सरळ चौकोन पाडलेल्या) नकाशावर मोजू नका, तिथं ६० अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणलं जातं आणि गोल विवर लंबगोल दिसतं. नंतर रास्टर कॅल्क्युलेटरने उंचीला ०.५ ने गुणून नवी फाइल करा. प्रत्येक डेटासेटचा गुणक वेगळा असतो, त्यामुळे लेबल (डेटासोबत येणारी माहितीची फाइल) उघडून वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नकाशेवाला_वाशीम:
मोलात विवर न दिसणं साहजिक आहे. त्याचा पिक्सेल ४६३ मीटरचा, म्हणजे १.८ किमीच्या विवराला जेमतेम चार पिक्सेल. चारात कडा कोणती आणि तळ कोणता? डेटासेट विवराच्या आकारावरून निवडायचा असतो, नावावरून नाही.

चंद्र: एसएलडीईएम २०१५ हा डीईएम, पिक्सेल ५९ मीटर, उत्तर-दक्षिण ६० अंशांपर्यंत. तुमच्या विवराला ३० पिक्सेल मिळतात. त्याहून बारीक हवं तर चांद्रयान-२ च्या टीएमसी-२ कॅमेऱ्यापासून केलेला १० मीटरचा डीईएम. तो इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर ईमेलने नोंदणी केली की फुकट मिळतो. चांद्रयान-३ चा डेटाही ऑगस्ट २०२४ पासून तिथंच आहे. झिप सोडवल्यावर एक्सएमएल लेबल आणि चित्राची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, लेबल हरवलं तर त्या चित्राला पत्ता राहत नाही.

मंगळ: मार्स एक्सप्रेसच्या एचआरएससी कॅमेऱ्याचे डीईएम काही ठिकाणी ५० मीटरपर्यंत आहेत. हायराइज कॅमेऱ्याचे तयार डीईएम एक-दोन मीटरचे असतात, पण मोजक्याच जागांचे. आधी डीईएम कुठं आहे ते बघा आणि त्याच्या हद्दीत बसणारी विवरं रॉबिन्स या संशोधकाच्या विवर-कॅटलॉगमधून निवडा. त्यात मंगळावरची १ किमीहून मोठी ३,८४,३४३ विवरं आहेत, निवडीला तोटा नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या सीटीएक्स कॅमेऱ्याच्या जोडचित्रांतून स्वतः डीईएम बनवायचा मोह ८ जीबी रॅमवर टाळा.

नेटचं म्हणाल तर लोलाची अख्ख्या चंद्राची फाइल सुमारे साडेआठ जीबी आहे. पुढच्या वेळी तुकड्यांत मिळणाऱ्या फाइलीच घ्या. थेट लिंक असेल तर डब्ल्यूगेट या डाउनलोडच्या प्रोग्रामला 'सी' पर्याय द्या, मग लाइट गेली तरी डाउनलोड जिथं थांबलं तिथून सुरू होतं. उतरलेल्या फाइलचा आकार साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. अर्धवट फाइलही कधी कधी उघडते आणि खालचा भाग शून्य दाखवते.

काळी_माती:
मोजणीबद्दल राहिलं होतं. एकच प्रोफाइल (विवराचा उभा छेद) काढून थांबू नका, कडा कुठंच सारख्या उंचीची नसते. केंद्रातून जाणाऱ्या चार रेषा काढा, प्रत्येकी ४५ अंशांवर. कडेच्या आठ उंची मिळतात, त्यांची सरासरी घ्या. तळासाठी सर्वांत खालच्या एका पिक्सेलवर विसंबू नका, खालच्या पाच-सहांची सरासरी घ्या. आठ उंचींमधला फरक त्रुटी म्हणून तक्त्यात द्या, परीक्षक तोच विचारतात.

सातपुडा_बेसाल्ट:
लोणारकडे येतो. व्यास साधारण १.८ किमी, कडेपासून खोली सुमारे १५० मीटर, म्हणून गुणोत्तर ०.०८ च्या आसपास येतं. ते जसंच्या तसं चंद्राशेजारी ठेवलं तर तुलना फसते. तळ्याखाली सुमारे १०० मीटर गाळ आहे आणि आघाताने चुरलेला खडक त्याच्याही खाली, हे १९७० च्या दशकातल्या बोअरिंगने दाखवलंय. गाळ काढून हिशेब केला तर खोली २५० च्या घरात आणि गुणोत्तर ०.१४ च्या आसपास. दोन्ही आकडे द्या. उरलेल्या फरकात पावसाने घासलेल्या कडेचाही वाटा आहे, तेवढं स्पष्ट लिहा.

डीईएम म्हणून एसआरटीएम किंवा इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडीईएम घ्या, दोन्हींचा पिक्सेल ३० मीटर, व्यासासाठी पुरेसे. पण दोन्हींत तळ्याच्या जागी पाण्याची पातळी मिळते, तळ नाही. आतल्या उतारावर झाडी दाट आहे, तिथली उंची झाडांच्या शेंड्यांची धरली जाते. कडा मोजायला उघडा खडक दिसतो त्या जागा निवडा.

वयाबद्दल: थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढायची पद्धत) ५२ हजार वर्षं आणि २०११ च्या आर्गॉन-आर्गॉन मोजणीने ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. झिजेचा दर काढणार असाल तर दोन्हींवर वेगवेगळा काढा, उत्तर दहापटीने बदलतं.

कडेवर लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आघाताने ते उचलले गेले. ते मोजणं फुकटचं आणि फार मोलाचं काम आहे. अडचण एकच: आपला काळा पाषाण चुंबकीय आहे. कंपास थेट खडकावर टेकवला की सुई भरकटते. थरावर लाकडी पाटी किंवा वही धरून कंपास खडकापासून हात-दीड हात वर ठेवा, हातोडी आणि मोबाइल लांब. शंका आली तर दोन जागांवरून एकमेकींकडे दिशा घ्या. फरक बरोबर १८० अंश यायला हवा, नाही आला तर ती जागा सोडा.

आणि दगड उचलू नका. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). नमुने हवेत तर विभागप्रमुखांच्या पत्रासह वनविभागाकडे आधी लेखी अर्ज करा. परवानगीला महिने लागू शकतात, म्हणून प्रकल्प मोजमाप आणि फोटोंवर उभा करा.

धामणगाव_रात्रपाळी:
पैशांचं: बॅरिंजर फॅमिली फंड. उल्कापाताच्या विवरांवरच्या कामासाठीच आहे, जगभरातल्या एम.एस्सी., पीएच.डी. विद्यार्थ्यांना खुला. रक्कम २,५०० ते ५,००० डॉलर, अर्ज साधारण एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. 'लोणारचा अभ्यास करायचा आहे' एवढ्यावर मिळत नाही. कोणत्या जागी, किती दिवस, काय मोजणार आणि कशावर किती खर्च, असं मांडावं लागतं. तुमचं शेवटचं वर्ष आहे, तेव्हा अर्जाच्या वेळी नाव विद्यापीठात नोंदलेलं असेल ना, ते आधी पाहा.

अमेरिकेतल्या लुनार अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्सला दोन पानांचा सारांश चालतो, तो जानेवारीच्या सुरुवातीला द्यायचा आणि परिषद मार्चमध्ये. पीएच.डी. साठी अहमदाबादचं पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) पाहा, जेआरएफला (संशोधन शिष्यवृत्तीला) नेट, गेट किंवा जेस्ट या परीक्षांपैकी एक लागते. भूशास्त्रवाल्यांनी गेटचा जीजी (भूशास्त्र आणि भूभौतिकी) पेपर द्यावा. प्लॅनेटरी एक्स्प्लोरेशन न्यूजलेटरला ईमेल नोंदवा, नोकऱ्या आणि परिषदांच्या तारखा तिथं येतात.

शेतकरी_मंगरूळ:
मधेच विचारतो, माफ करा. नांगरताना काळा जड दगड निघाला, चुंबक चिकटतो. उल्का असंल का?

सातपुडा_बेसाल्ट:
भाऊ, आपल्याकडं चुंबकावरून ठरत नाही, साध्या काळ्या पाषाणालाही तो ओढतो. दगडात बुडबुड्यांसारखी भोकं असतील तर बहुधा उल्का नाही. बाहेर अंड्याच्या टरफलाएवढी पातळ काळी साल आणि फुटलेल्या जागी आत वेगळा, फिकट रंग दिसला, तर मात्र दाखवून घ्या. धुऊ नका, ॲसिड लावू नका, कोरड्या कागदात गुंडाळून सापडल्याची जागा लिहून ठेवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरात आहे, तिथं न्या. धातूची रिंग, गोळा असं काही आभाळातून पडलं तर तो वेगळा मामला. एप्रिल २०२२ मध्ये सिंदेवाहीजवळ लाडबोरीला पडलेली तीन मीटरची रिंग रॉकेटचा तुकडा होती. अशाला हात न लावता तहसीलला कळवायचं.

बुलडाणा_भूशास्त्र:
सीआरएस बदलला आणि ०.५ ने गुणलं. व्यास १.८१ किमी, खोली ३५५ मीटर, गुणोत्तर ०.१९६. चार रेषांच्या आठ टोकांना कडेची उंची ३८ मीटरने वर-खाली आहे. ही त्रुटी म्हणून द्यायची की आकडा म्हणून?

काळी_माती:
दोन्ही द्या. ३८ हा कडेचा चढउतार म्हणून स्वतंत्र रकान्यात, आणि सरासरीची त्रुटी म्हणून आठ उंचींचं प्रमाणित विचलन भागिले आठचं वर्गमूळ. पुढचं विवर घेण्याआधी हेच पुन्हा एसएलडीईएमवर मोजा. दोन डेटासेटमध्ये खोली १५ मीटरपेक्षा जास्त फरकाने आली तर स्क्रीनशॉट इथं टाका.