मिस्टरांचं निदान पीटीएसडीवरून कॉम्प्लेक्स पीटीएसडी झालं. म्हणजे नेमकं काय बदललं?

पायवाट:
माझे मिस्टर पायदळात होते, निवृत्त होऊन बराच काळ झालाय. आधीच्या डॉक्टरांनी पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मनाचा आजार, सांगितलं होतं. उपचारांनी रात्री ओरडत उठणं पुष्कळ कमी झालं. मोठा आवाज झाला की अजूनही अंग आक्रसतं, रस्त्यात बेवारस पिशवी दिसली की वाट बदलतात. ते आम्ही चालवून घेतो. जड जातं ते वेगळंच. "मी माणूस म्हणून नालायक आहे" हे ते चिडून नाही, वीजबिल भरलं असं सांगावं तसं सांगतात. मुलगी जवळ येऊन बसली की पाणी प्यायच्या निमित्ताने उठतात. वाद झाला तर एक तर दार आपटून बाहेर, नाहीतर दिवसच्या दिवस गप्प.

आता नवीन मानसोपचारतज्ज्ञांनी कागदावर "कॉम्प्लेक्स पीटीएसडी" लिहिलंय. मिस्टर म्हणतात, "मी युद्धकैदी नव्हतो, माझा कुणी छळ केला नाही. माझं कसलं कॉम्प्लेक्स?" आजार वाढलाय का? पहिलं निदान चुकलं होतं का? आणि नेटवर एका ठिकाणी तर असा वेगळा आजारच नाही असं लिहिलंय.

मनोवेध:
ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बरेच असतात. नेटवरचं आधी सांगते. निदानाची दोन मोठी पुस्तकं आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएममध्ये पीटीएसडी १९८० साली आलं, पण २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतही कॉम्प्लेक्स वेगळं दिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये मात्र पीटीएसडी आणि कॉम्प्लेक्स पीटीएसडी अशी दोन स्वतंत्र निदानं आहेत, त्यांचे क्रमांक ६बी४० आणि ६बी४१. ती आवृत्ती २०१९ साली मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पहिल्या डॉक्टरांनी कुठलं पुस्तक धरलं त्यावर तेव्हाचा शब्द ठरला असेल. त्यात चूक असेलच असं नाही.

आयसीडी-११ प्रमाणे पीटीएसडीत तीन गोष्टी लागतात: घटना आत्ता घडतेय असं पुन्हा अनुभवणं, तिची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, आणि धोका संपलेलाच नाही असं शरीराने धरून बसणं. स्वप्नं, पिशवी, आवाज हे सगळं यात बसतं. कॉम्प्लेक्समध्ये हे तिन्ही असतातच, शिवाय आणखी तीन: भावना आवरता न येणं (उसळणं किंवा पार बधिर होणं, दोन्ही), आपण कवडीमोल आहोत ही पक्की धारणा, आणि माणसांच्या जवळ राहता न येणं. तुम्ही लिहिलेलं दार, "नालायक" आणि पाण्याचं निमित्त पुन्हा वाचा. अर्थात एका पोस्टवरून मी निदान करणार नाही. दोन्ही निदानं एकाच वेळी लिहीत नाहीत. कॉम्प्लेक्स म्हटलं की त्यात पीटीएसडी आलंच.

मिस्टरांचा आक्षेप बहुतेक सैनिक घेतात. लांबलेले, सुटका नसलेले प्रसंग यामागे बहुधा असतात हे खरं, पण ती अट नाही. निदान लक्षणांवर होतं. युद्धकैदेतून आलेल्याला साधं पीटीएसडी असू शकतं, किंवा काहीच नसू शकतं. आणि एकाच चकमकीनंतर कुणाला कॉम्प्लेक्स होऊ शकतं. शिवाय सैनिकाला आपण नेहमी लढाईबद्दलच विचारतो. लहानपणी घरात काय झालं, पलटणीत आपल्याच लोकांनी अपमान किंवा अत्याचार केला का, हे राहून जातं. ज्याने त्रास दिला त्याच्याच शेजारी झोपायचं, त्याच्याच हुकमावर उठायचं, आणि राजीनामा देऊन निघून जाता येत नाही. यापेक्षा अडकलेपण ते काय असतं?

मी स्वतः "नालायक" या शब्दाचा माग काढते. "त्या रात्री मी त्याला वाचवू शकलो नाही" असं म्हणणारा माणूस एका घटनेचं ओझं वाहतोय. ते साध्या पीटीएसडीतही येतं. "मी मुळातच असा" म्हणणाऱ्याने स्वतःवरच शिक्का मारलेला असतो. रागाचंही तसंच. फटाका वाजल्यावर उसळला तर तो धोक्याचा गजर. चहा गार झाला म्हणून उसळला आणि मग तासन्‌तास सुन्न, तर वेगळा विचार करावा लागतो. पण स्फोटाजवळ असताना डोक्याला मार, दारू, नैराश्य, झोपेत श्वास अडकणं यांनीही हेच चित्र दिसू शकतं. ते तपासून घ्याच.

जुना_शिपाई:
वहिनी, माझं निदान कॉम्प्लेक्सच आहे. साहेबांना सांगा, मीही कैदी नव्हतो. माझं मूळ भरतीच्या आधीचं निघालं, बापाच्या पट्ट्याचं. नोकरीत ते कळलंच नाही. तिथे उठायची वेळ दुसरा ठरवतो, कुणाशी कसं बोलायचं ते ठरलेलं असतं, आणि काही वाटून घेत नाही तोच चांगला जवान. माझा बधिरपणा तिथे गुण होता! निवृत्तीनंतर घरात नुसतं बाप म्हणून बसायचं आलं आणि सगळं उघडं पडलं.

उपचारांत मला आधी राग चढताना ओळखायला शिकवलं, मग घटनेवर नेलं. ज्या दिवशी वाटेल "हे पोरकट आहे, उद्यापासून येत नाही", त्या दिवशी जायचंच, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा.

पायवाट:
दादा, तुमचं त्यांनी दोनदा वाचलं. मॅडम, मग आधीचे उपचार वाया गेले का? आणि औषधं?

मनोवेध:
वाया कसे जातील? स्वप्नं कमी झालीच ना. आधी भावना सांभाळायची कौशल्यं आणि मग आघातावर काम, की थेट आघातावर, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. कॉम्प्लेक्स असलेल्यांनाही एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम) लागू पडतं, म्हणून सरसकट लांबवण्याच्या मी विरोधात आहे. जास्त सत्रं आणि थेरपिस्टवर विश्वास बसायला जास्त वेळ लागेल, एवढं धरून चाला. कॉम्प्लेक्ससाठी वेगळी गोळी नाही. सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन (ही नैराश्यावरचीही औषधं) चालू असेल तर मनाने बंद करू नका. झोपेसाठी बेन्झोडायझेपाइन गटातली गोळी जुन्या चिठ्ठीवर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. पीटीएसडीत ती देऊ नये असाच सल्ला आता दिला जातो.

एक गोष्ट मात्र पुढच्या भेटीची वाट न बघता करा. "नालायक" इतक्या शांतपणे म्हणणाऱ्या माणसाला सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात बंदूक असेल तर तूर्त दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पायवाट:
बंदूक नाही. आज रात्री मुलगी झोपल्यावर विचारते.