डार्क मॅटरचा 'शोध' : लागला की चालूय?

चिंचगोळी: एका पोस्टरवर वाचलं, 'न्यूट्रिनो दुर्बिणीतून डार्क मॅटरचा शोध'. मला वाटलं ते न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य सापडलं की काय! खालचा मजकूर वाचला तर अजून शोधतायतच. मग हे शीर्षक बरोबर म्हणायचं का?

बोरूवाला: व्याकरणाने बरोबर, अर्थाने घोळ. शोध घेतात, शोध लावतात आणि शोध लागतो. क्रियापद काढलं की वाचणारा आपल्या मनाने जोडतो. 'चोरांचा शोध' म्हटलं की चालू, 'पेनिसिलिनचा शोध' म्हटलं की लागलेला. विज्ञानाचं नाव निघालं की आपल्या डोक्यात 'शोध कोणी लावला' हा शाळेतला प्रश्नच येतो.

ध्रुवतारा: आणि इथे तर अजिबात लागलेला नाही. दक्षिण ध्रुवावर आईसक्यूब ही न्यूट्रिनो दुर्बीण आहे, बर्फात साधारण दीड ते अडीच किलोमीटर खोल 5,160 सेन्सर सोडलेत, 2010 च्या डिसेंबरात पूर्ण झालं. आयडिया अशी की डार्क मॅटरचे कण सूर्यातल्या अणूंना धडकून वेग घालवतात, तिथेच अडकतात, गाभ्यात साठतात, मग एकमेकांना भेटून नष्ट होतात आणि त्यातून न्यूट्रिनो निघतात, म्हणजे कशालाही क्वचितच धडकणारे सूक्ष्म कण, जे सूर्यातून आरपार बाहेर पडू शकतात. सूर्याच्या रोजच्या भट्टीतले न्यूट्रिनो 20 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतले, हे डार्क मॅटरमधून आलेले त्याच्या शेकडो-हजारोपट ऊर्जेचे, म्हणून वेगळे ओळखू येतील. तिकडच्या हिवाळ्यात सूर्य क्षितिजाखाली असतो ते फार सोयीचं, वातावरणात तयार होणाऱ्या म्युऑन नावाच्या कणांची गर्दी मधली पृथ्वीच अडवते. जपानच्या सुपर-कामिओकांडेनेही 50,000 टन पाण्याच्या टाकीतून हेच बघितलंय. सूर्याकडून जास्तीचं काही आलेलं नाही.

चिंचगोळी: मग 'शोध फसला' म्हणायचं?

ध्रुवतारा: छे! काही दिसलं नाही म्हणजे हे कण प्रोटॉनला किती जोरात धडकत असतील त्यावर वरची मर्यादा बसली. काही बाबतीत ती मर्यादा डार्क मॅटरची धडक थेट टिपायला बघणाऱ्या जमिनीखालच्या प्रयोगांपेक्षाही कडक निघाली. हा निकालच आहे, त्याला आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही एवढंच.

बोरूवाला: दुर्बीण शब्द मात्र मला पटतो. भिंग नाही, आरसा नाही, न्यूट्रिनो धडकला की बर्फात उमटणारी निळसर चमक टिपायची, तरी फारसीत दूरचं बघणारी ती दूरबीन. डार्क मॅटरला 'कृष्णद्रव्य' म्हणतात ते जास्त खटकतं, काळं असतं तर प्रकाश अडवला असता, हे तर आरपार जाऊ देतं.

चिंचगोळी: विषय शोधाचा चाललाय हो. 'मागोवा' कसं वाटतं?

बोरूवाला: त्याला हल्ली 'गेल्या दशकाचा मागोवा' असा आढाव्याचा वास येतो. 'माग काढणे' घ्या. कण स्वतः दिसत नाही, त्याने मागे सोडलेले न्यूट्रिनो दिसले तर दिसले. म्हणजे 'न्यूट्रिनो दुर्बिणीतून डार्क मॅटरचा माग'.

ध्रुवतारा: चालेल. पण माग 'लागला' असंही म्हणतात बरं का 😀

बोरूवाला: मग 'शोध सुरू' लिहा आणि मोकळे व्हा, एका शब्दाने पोस्टर फाटत नाही.