आकड्याचा मजकूर क्वेरीतच करावा का?

धागालेखक

क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा) लिहून डेटाबेसमधून अहवाल काढताना एक प्रथा सर्रास दिसते. रक्कम, टक्केवारी, वजन असा कोणताही संख्येचा कॉलम निवडतानाच त्यावर संख्येचा मजकूर करणारे फॉरमॅट किंवा टू_चार हे फंक्शन लावले जाते आणि हजारांचे स्वल्पविराम व दोन दशांश स्थळे घालूनच तो बाहेर पाठवला जातो. पाहणाऱ्याला आकडा नीटनेटका दिसतो, त्यामुळे सहसा कोणी हरकत घेत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की ही प्रथा सोडली पाहिजे. क्वेरीने संख्या ही संख्या म्हणूनच द्यावी आणि तिचे सजवणे पडद्यावर किंवा कागदावर उतरण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर व्हावे.

फॉरमॅटमधून बाहेर पडते ती संख्या नसते, तो मजकूर असतो; आणि पुढे कोणी तो मजकूर संख्या समजून वापरला, तर प्रत्येक डेटाबेस आपापल्या परीने वागतो. मायएसक्यूएलमध्ये १२३४.५ या संख्येला दोन दशांश स्थळांचा फॉरमॅट लावला की '१,२३४.५०' असा मजकूर मिळतो. त्यात शून्य मिळवून पाहिले तर उत्तर १ येते, कारण मजकुराची संख्या करताना वाचन पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबते. क्वेरी अडत नाही. फक्त एक इशारा नोंदवला जातो आणि तो फारसे कोणी वाचत नाही. म्हणजे अशा कॉलमची बेरीज घेतली तर हजारांच्या रकमा एकेरी आकड्यांत मोजल्या जातील आणि अहवाल बिनतक्रार छापला जाईल. पोस्टग्रेस निदान मजकुराची बेरीज करायला साफ नकार देतो. एसक्यूलाइटमध्ये प्रिंटएफ या तशाच फंक्शनने केलेल्या मजकुराची तुलना थेट १०० या संख्येशी केली, तर मजकूर नेहमीच मोठा ठरतो आणि 'शंभरापेक्षा जास्त' या अटीतून टेबलमधील सगळ्या ओळी पार होतात.

क्रमवारीचे प्रकरण याहून फसवे आहे. अनेक जण फॉरमॅट केलेल्या कॉलमला मूळ कॉलमचेच नाव देतात आणि क्वेरीच्या शेवटी 'ऑर्डर बाय रक्कम' असे लिहितात. तिथे 'रक्कम' या नावाचा अर्थ टेबलमधील संख्या असा न घेता निवडलेल्या यादीतील मजकूर असा घेतला जातो. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर या तिन्हींत हेच घडते. मजकुराच्या उतरत्या क्रमात '९,५००.००' हे '१२,०००.००' च्या वर बसते. त्या क्वेरीला पहिल्या दहा ओळींची मर्यादा असेल, तर नुसता क्रम चुकत नाही, ओळीच चुकीच्या येतात, आणि निकालाकडे पाहून ते ओळखता येत नाही.

प्रतिसाद १

आपण दाखवलेले धोके खरे आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. क्वेरीनंतर सादरीकरणाचा आणखी एखादा टप्पा असतोच, असे आपण गृहीत धरले आहे. रात्री ठरलेल्या वेळी चालणारी क्वेरी जेव्हा तिचा निकाल थेट ईमेलच्या मजकुरात टाकते, किंवा दुसऱ्या प्रणालीला ठरावीक रुंदीच्या रकान्यांची फाइल देते, तेव्हा मध्ये कोणताही प्रोग्राम नसतो. तिथे क्वेरी हाच शेवटचा टप्पा असतो आणि आपल्याच नियमाप्रमाणे फॉरमॅट तिथेच व्हायला हवा. केवळ तत्त्व पाळण्यासाठी एक वेगळा प्रोग्राम लिहायचा, चालवायचा आणि सांभाळायचा, हा खर्च कोणत्या लाभासाठी?

दुसरे असे की एकच आकडा वेब पान, छापील अहवाल आणि निर्यात फाइल अशा तीन ठिकाणी जात असेल, तर तीन ठिकाणी तीन जण त्याला तीन प्रकारे सजवतात. एका व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये नाव देऊन जतन केलेल्या क्वेरीत) ते काम एकदाच केले, तर सर्वत्र एकच रूप दिसते. क्रमवारीचा दोष मी फॉरमॅटच्या माथी मारणार नाही. कॉलमला 'रक्कम_मजकूर' असे वेगळे नाव द्यावे किंवा ऑर्डर बायमध्ये टेबलच्या नावासह कॉलम लिहावा, म्हणजे तो प्रश्न उरत नाही.

प्रतिसाद २

ठरावीक रुंदीच्या फाइलचे उदाहरण आले आहे, म्हणून त्याच जागी थोडे थांबतो. टू_चारमध्ये '९९९' असा साचा देऊन ४८५ छापले, तर पोस्टग्रेस आणि ओरॅकल दोन्हींत पुढे एक रिकामी जागा येते, कारण ती उणे चिन्हासाठी राखलेली असते. ती नको असेल तर साच्याच्या आधी 'एफएम' लिहावे लागते. हे माहीत नसलेल्याच्या फाइलमधील पुढचे सगळे रकाने एका घराने सरकतात. संख्या साच्यापेक्षा मोठी निघाली तर तिच्या जागी '###' अशी चिन्हे छापली जातात. ती निदान डोळ्यांत भरतात.

डोळ्यांत न भरणारी चूक एलपॅडची आहे. क्रमांकाला डावीकडून शून्ये लावण्यासाठी तो सगळीकडे वापरला जातो. रुंदी पाच ठेवली असताना क्रमांक १२३४५६ पर्यंत पोहोचला, तर शून्ये लावायला जागा नसल्याने एलपॅड त्याचा शेवटचा अंक कापून '१२३४५' देतो. हा क्रमांक आधीच कोणाचा तरी असतो. त्रुटीचा संदेश येत नाही, इशाराही येत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल या तिन्हींचे वर्तन असेच आहे. म्हणून क्वेरीत फॉरमॅट करू नये असे मी म्हणत नाही, पण 'क्वेरीतच करून टाकू, सोपे आहे' हे म्हणणे मला पटत नाही.

प्रतिसाद ३

वेगाचा मुद्दा राहून गेला आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून आलेले फॉरमॅट हे फंक्शन मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रणालीवर चालते आणि प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्रपणे बोलावले जाते. काही शे ओळींना फरक जाणवत नाही. लाखो ओळींच्या निर्यातीत तो कन्व्हर्ट या प्रकार बदलणाऱ्या साध्या फंक्शनच्या तुलनेत ठळकपणे जाणवतो. ओळी निवडणाऱ्या व्हेअरच्या अटीत कॉलमवरच असे फंक्शन लावले, तर त्या कॉलमवरचा साधा इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) कामी येत नाही.

प्रतिसाद ४

मी प्रतिसाद १ च्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. संख्या संख्या म्हणून पाठवली की ती सुरक्षित पोहोचते, हा समज चुकीचा आहे. जावास्क्रिप्टमधील नेहमीची संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने जसेच्या तसे ठेवते. त्यापुढचे दोन वेगळे क्रमांक तिथे एकच होऊ शकतात. डेटाबेसमधील बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार याच्या कितीतरी पुढे जातो. दशांश संख्यांचेही तसेच आहे. डेटाबेसचा डेसिमल ०.१ ही संख्या तंतोतंत साठवतो, समोरच्या भाषेतील फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) तसे करत नाही. याच कारणाने नोडसाठीचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीसाठीचा) पोस्टग्रेसचा प्रचलित ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणारा दुवा, बिगइंट आणि न्यूमेरिक (डेसिमलचेच दुसरे नाव) ही मूल्ये मुळातच मजकूर म्हणून हाती देतो. सगळ्या मजकुरालाच दोष देणारा नियम केला, तर आपण अचूकतेचे एक खरे साधन गमावू.

धागालेखक

प्रतिसाद ४ मधील मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि माझे म्हणणे तेवढ्यापुरते आवरते घेतो. मात्र यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मजकुरात संख्येचा प्रत्येक अंक शाबूत असतो आणि त्यातून मूळ मूल्य पुन्हा जसेच्या तसे उभे करता येते. दुसऱ्या मजकुरात आकडा दोन दशांशांवर पूर्णांकित केलेला असतो, त्यात स्वल्पविराम घुसलेले असतात आणि मागे जाण्याचा रस्ता बंद झालेला असतो. पहिला मजकूर वाहतुकीसाठी आहे आणि त्याला माझी हरकत नाही. माझा विरोध दुसऱ्याला आहे.

पण वाहतुकीसाठी रूपांतर करतानाही साधन पारखून घ्यावे लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फ्लोट प्रकारची १२३४५६७ ही संख्या कास्ट या प्रकार बदलणाऱ्या आज्ञेने सरळ व्हारचार, म्हणजे मजकूर, केली, तर '१.२३४५७ई+००६' असे रूप मिळते. सहाच अंक उरतात आणि शेवटचा ७ कायमचा जातो. आधी डेसिमल करून मग मजकूर केला, तर असे होत नाही.

'एका व्ह्यूमुळे सर्वत्र एकच रूप' या युक्तिवादाबद्दलही मला शंका आहे. ओरॅकलमध्ये साच्यात 'जी' आणि 'डी' ही अक्षरे वापरली असतील, तर हजारांचे चिन्ह कोणते आणि दशांशचिन्ह कोणते हे त्या सत्राच्या (डेटाबेसशी झालेल्या एका जोडणीच्या) एनएलएस, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या, मांडणीवरून ठरते. तोच व्ह्यू दोन सत्रांत वाचला, तर एकाला '१,२३४.५०' आणि दुसऱ्याला '१.२३४,५०' मिळू शकते. या दोन्हींपैकी कोणते रूप हाती आले आहे, हे वाचणाऱ्या प्रोग्रामला कळण्याचा मार्ग नाही.

प्रतिसाद १

त्यावर उपाय त्याच फंक्शनमध्ये आहे. ओरॅकलच्या टू_चारला तिसरे आर्ग्युमेंट देऊन चिन्हे पक्की करता येतात, किंवा साच्यात 'जी' आणि 'डी' ऐवजी थेट स्वल्पविराम आणि टिंब लिहिता येते. मायएसक्यूएलचा फॉरमॅट तर तिसरे आर्ग्युमेंट न दिल्यास सत्राकडे न पाहता अमेरिकी इंग्रजीचीच पद्धत वापरतो. साधन नीट न वापरल्याने होणारे नुकसान हा ते साधन टाकून देण्याचा आधार होऊ शकत नाही.

प्रतिसाद ५

दोन्ही बाजूंना रोज भेटणारा एक प्रसंग मांडतो. मूल्य नल असेल, म्हणजे नोंदलेलेच नसेल, तिथे 'लागू नाही' असे छापायचे असते, म्हणून केस या अटीनुसार मूल्य निवडणाऱ्या रचनेच्या एका शाखेत हा मजकूर आणि दुसऱ्या शाखेत रक्कम लिहिली जाते. एसक्यूएल सर्व्हर संख्येच्या प्रकाराला वरचढ मानतो, त्यामुळे तो 'लागू नाही' चीच संख्या करू पाहतो. रांगेत पहिली नल येईपर्यंत क्वेरी सुरळीत चालते आणि त्या ओळीवर मोडते. पोस्टग्रेस तीच क्वेरी सुरुवातीलाच नाकारतो. मायएसक्यूएल मात्र सगळा कॉलमच मजकूर करून टाकतो आणि धागालेखकांनी वर्णन केलेली क्रमवारीची अडचण पुन्हा उभी राहते. माझ्या मते व्ह्यूने दोन कॉलम द्यावेत: एक संख्येचा, नल जसा आहे तसा ठेवून, आणि एक वाचण्यासाठी.

धागालेखक

दोन कॉलमची सूचना स्वीकारण्याजोगी आहे, पण एका अटीवर. 'रक्कम' हे साधे नाव संख्येच्या कॉलमलाच मिळावे आणि लांब नाव मजकुराच्या कॉलमने घ्यावे. व्ह्यू वापरणारा पुढचा माणूस दस्तऐवज न वाचता सर्वांत सोपे नाव उचलतो, आणि त्या नावाखाली मजकूर ठेवलेला असेल तर त्याची पहिली बेरीजच चुकेल.

प्रतिसाद १

या अटीला माझी संमती आहे. ईमेल आणि ठरावीक रुंदीच्या फाइलबाबत मात्र माझे मत कायम आहे: तिथे मजकूर क्वेरीतच व्हावा, आणि त्या क्वेरीचा निकाल दुसऱ्या कोणत्याही क्वेरीने वाचू नये.