गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: मोडावा की सुधारावा?

खानापूर_रोड:
नमस्कार मंडळी. बेळगाव सीमाभागातल्या आमच्या गावाचा एक ग्रुप आहे, आठशेच्या वर लोक. सुरू झाला तो नळाला पाणी कधी, हेस्कॉमची लाइट किती वाजता जाणार, रेशन आलं का आणि कुणाची मयत किती वाजता, एवढ्यासाठी. आता सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कर्जाच्या लिंका, रात्री कुठल्यातरी हाणामारीचे व्हिडिओ. ऑक्टोबर सरत आला की एक नोव्हेंबरवरून (कर्नाटकचा राज्योत्सव, मराठी लोकांचा काळा दिन) शब्दाला शब्द लागतो ते वेगळंच. पंच कमिटीतले काही म्हणतात ग्रुपच मोडा. पण मोडला तर पंचायतीची कन्नड नोटीस आली की लोक विचारणार कुणाला?

मला मतं नकोत, उपाय हवेत. सेटिंग काय बदलायचं, भलत्या पोस्टबद्दल अ‍ॅडमिनवर केस होते का, पुराच्या अफवा कशा ओळखायच्या आणि वयस्कर माणसांचे पैसे जातात ते कसं थांबवायचं? पोरांच्या रीलचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

निपाणीचा_जुना_अ‍ॅडमिन:
मोडू नका. एकाच ग्रुपवर मयतही सांगायची आणि विनोदही टाकायचा, ही मूळ गडबड आहे. त्यामुळे लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग कामाचा मेसेजही वाचत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘कम्युनिटी’ करा. ती केली की ‘अनाउन्समेंट’ नावाचा ग्रुप आपोआप तयार होतो. तिथं फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ग्रुपमध्ये आठशे जणांना आठशे नंबर उघडे असतात, आणि गावातल्या बायका-मुलींना अनोळखी फोन येतात त्याचं हे एक मोठं कारण. जुना ग्रुप त्याच कम्युनिटीखाली गप्पांसाठी जोडा. ज्याला नको तो गप्पांतून बाहेर पडेल, सूचना मात्र मिळत राहतील.

अ‍ॅडमिन एकटा ठेवू नका, चार-पाच करा. एक पाण्याच्या वॉल्व्हवर काम करणारा, एक पंचायतीत रोज जाणारा, एक बचत गटातली बाई आणि एक कन्नड चांगलं वाचणारा. सगळे एकाच गल्लीतले किंवा एकाच पार्टीचे घेतले तर महिन्यात दुसरा ग्रुप निघतो, आणि मग दोन्हीकडं अर्धी-अर्धी माहिती.

गप्पांच्या ग्रुपमध्ये ‘ग्रुप परमिशन्स’ उघडा. नवीन माणूस घेताना अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असं करा. ग्रुपची लिंक दुकानाच्या काचेवर चिकटवली असेल तर ‘रीसेट लिंक’ करा. कर्जवाले आणि सट्टेवाले तिथूनच आत येतात.

अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, ही सोय २०२२ पासून आहे. पुसला की तिथं ‘अ‍ॅडमिनने पुसला’ अशी खूण राहते, त्यामुळे माणूस विचारायला येणारच. कारण एका ओळीत आधीच लिहून ठेवा, ग्रुपवर वाद घालू नका.

फॉरवर्डवर दोन बाण दिसले तर तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. तसा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. आमच्याकडचा नियम सोपा आहे: दोन बाणांचा मेसेज गावच्या ग्रुपवर नाही, मग तो देवाचा असो की देशाचा. फुलांच्या फोटोंनी फोन भरतो त्यांना ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करायला सांगा.

चिकोडी_पूरपट्टा:
पुराचं मी लिहितो. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या की ग्रुपवर धरणं फुटायला लागतात. आकडे पाठ असतील तर निम्मी अफवा जागीच मरते. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. घटप्रभेवरचं हिडकल सुमारे ५१, मलप्रभेवरचं नविलुतीर्थ साधारण ३८ आणि खालचं अलमट्टी १२३. ‘कोयनेत १४० टीएमसी पाणी, भिंतीला तडा’ असं आलं की पुढं वाचायचंच नाही.

दुसरी गफलत क्युसेक आणि टीएमसीची. एक टीएमसी म्हणजे १ अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. साधारण ११,५७४ क्युसेकनं सलग २४ तास सोडलं तर एक टीएमसी होतं. ‘तासाभरात दहा टीएमसी सोडलं’ याचा अर्थ जवळजवळ २८ लाख क्युसेक झाला. कोयनेच्या दरवाजांतून एवढं पाणी जाऊच शकत नाही. आणि ‘सोडणार’ वेगळं, ‘सोडलं’ वेगळं. खऱ्या सूचनेत तारीख, वेळ, धरणाचं नाव आणि क्युसेक हे चारही असतात. यातलं एक जरी नसलं तर अ‍ॅडमिननं पुढं टाकू नये, जिल्हा प्रशासनाच्या पानावर बघावं.

व्हिडिओ तपासायचा असेल तर तो थांबवून दोन-तीन ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. माणसांचे चेहरे नकोत. पूल, दुकानाची पाटी, बसचा रंग, असा भाग घ्या. जुना असेल तर मूळ बातमी सापडते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचे व्हिडिओ दर पावसाळ्यात नवे होऊन येतात. गाडीचा नंबर दिसला तर अजून सोपं: केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी, एमएच-०९ कोल्हापूर. ‘आत्ता आपल्या पुलावर’ म्हणतात आणि सगळ्या गाड्या केरळच्या, असं कितीदा असतं की.

बसचंही तसंच. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस सीमेपलीकडं जात नव्हत्या. तेव्हाचे मेसेज तारीख कापून अजून फिरतात. कोल्हापूरला दवाखान्याला निघालेला माणूस त्यामुळे घरीच बसतो. स्टँडवरच्या चौकशीला एक फोन लावला तर पाच मिनिटांत कळतं.

कन्नड नोटिशीबद्दल: लेन्समध्ये ‘ट्रान्सलेट’ निवडून कन्नडवरून मराठी करता येतं. गुगल ट्रान्सलेटमध्ये दोन्ही भाषा आधी उतरवून ठेवल्या तर मजकूर टाइप करून रेंज नसतानाही अर्थ लागतो. फोटो सरळ वरून काढा, कागदाची घडी उलगडून. शिक्का मजकुरावर आला असेल तर तिथं हमखास चुकतं. माणसांची नावं, सर्व्हे नंबर आणि तारीख मशीनवर सोडू नका. आकडे कन्नड लिपीत असले तर सहा आणि नऊ घाईत सारखेच वाटतात, आणि हरकत घ्यायची मुदत तेवढ्यावरून चुकते. ग्रुपवर टाकताना मूळ कागदाचा फोटो आणि खाली तीनच ओळी: काय आहे, कधीपर्यंत, कुठं जायचं. फोटो गाळून नुसता मराठी सारांश टाकला की दुसऱ्या दिवशी त्यात कुणीतरी स्वतःची ओळ घुसडतो.

धारवाड_बेंच:
अ‍ॅडमिनवरच्या केसबद्दल लोकांना अर्धवट भीती आहे. सदस्यानं काही लिहिलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हेच सांगितलं आहे. बेळगाव कर्नाटक उच्च न्यायालयाखाली येतं, त्यामुळे हे निकाल इथं बंधनकारक नाहीत. पण वकील ते दाखवू शकतो आणि त्यांना वजन असतं. अ‍ॅडमिननं ठरवून घडवून आणलं असेल किंवा स्वतः तेच पुढं पाठवलं असेल तर मात्र ही ढाल उपयोगाची नाही.

लावली जाणारी कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतली आहेत. भाषा, धर्म, जात, प्रांत यावरून तेढ वाढवणं हे कलम १९६, जुन्या दंड संहितेतलं १५३-अ. खोटी माहिती पसरवून लोकांत वैर किंवा घबराट निर्माण करणं हे कलम ३५३, जुनं ५०५. दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलं आहे, त्याच्या नावानं कुणी धमकावलं तर घाबरू नका.

सीमाप्रश्नावर मत मांडणं हा गुन्हा नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल लिहा, बोला. गोत्यात आणतात ते दुसऱ्या भाषेच्या माणसांना दिलेल्या शिव्या, ‘अमक्या चौकात जमा’ आणि कुणाचा तरी फोटो लावून ‘ह्याला बघून घ्या’. स्टेटस २४ तासांनी जातं म्हणून पोरं बिनधास्त असतात. स्क्रीनशॉट राहतोच. मिरवणुकीच्या आणि एक नोव्हेंबरच्या आसपास जमावबंदीचा आदेश निघू शकतो, तेव्हा गप्पांचा ग्रुप दोन दिवस ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवणं शहाणपणाचं.

आक्षेपार्ह पोस्ट आलीच तर आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसू द्या, मग पुसा आणि माणसाला काढा. अख्खा ग्रुप उडवू नका, तो पुरावा लपवल्यासारखा दिसतो.

अजून एक. अटकेऐवजी हजर राहा असं सांगणारी पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणणारा तर निव्वळ भामटा. तशी अटक कायद्यात नाहीच.

काउंटरच्या_पलीकडून:
पैसे जातात ते मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली, एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, ‘गृहलक्ष्मीचा (बायकांसाठीच्या सरकारी योजनेचा) हप्ता अडकला, केवायसी करा’, नाव काहीही असेल. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. वयस्करांच्या फोनमध्ये एक काम आजच करून द्या: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅक्सेस, इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स. तिथं व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर, तिन्हींची परवानगी बंद. चुकून उघडलीच तर लगेच एरोप्लेन मोड, मग ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनमधली त्याची परवानगी आधी काढावी लागते. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. शेवटी ##००२# डायल करा, कॉल दुसरीकडं वळवले असतील तर तेही रद्द होतात.

दुसरी, ओळखीच्याच नंबरवरून ‘चुकून तुझ्याकडं सहा आकडी कोड गेलाय, पाठव की’. कोड दिला की तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात, आणि मग तुमच्या नावानं अख्ख्या गावाकडं दहा-दहा हजार मागणं सुरू. सोडवायचं असं: आपल्या फोनवर पुन्हा नंबर टाका, एसएमएसवर आलेला कोड भरा, समोरचा तेवढ्यानंच बाहेर पडतो. त्यानं टू-स्टेप पिन (व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा जादा पिन) लावला असेल तर तुम्हाला आत जायला सात दिवस थांबावं लागतं, पण तोही आत नसतो. म्हणून हा पिन आपणच आधी लावून ठेवायचा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करा.

तिसरी, क्यूआर. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत.

गेले तर तालुक्याला जायची वाट बघू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हाताशी ठेवा: यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम, आपली बँक. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात. लगेच बँकेलाही कळवा. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, त्यानंतरचं बँकेचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. लाजेनं दोन दिवस गप्प बसणं त्यामुळेच महागात पडतं.

शाळामास्तर_हुक्केरी:
पोरांचं थोडक्यात. इन्स्टाग्रामचं ‘टीन अकाउंट’ भारतात २०२५ पासून आहे. अकाउंट खाजगी राहतं, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या खालच्यांना हे बदलायला पालकांची परवानगी लागते. पण जन्मसाल खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, आणि बहुतेकांनी ते खोटंच टाकलेलं असतं. आधी तेवढं बघा.

अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला टायमर पोरगं स्वतःच काढून टाकतं. गुगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप लावलं तर पालकाच्या फोनवरून वेळ ठरते. अ‍ॅप बंद केलं तरी क्रोममध्ये इन्स्टाग्राम उघडतं, आणि काही फोनांत ‘ड्युअल अ‍ॅप’ (एकच अ‍ॅप दोनदा चालवायची सोय) असतं, तेही तपासा. यूट्यूबची हिस्टरी बंद करून पुसली की पहिल्या पानावरचा ढीग नाहीसा होतो, शोधून बघायचे धडे मात्र मिळतात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) पोराचा फोन अजिबात काढून घेऊ नका. वर्गाचे पीडीएफ त्यावरच येतात.

काजूवाली_खानापूर:
सगळे तोटेच लिहायला लागलात की. आमच्यासारख्या बचत गटांना दुकान लागत नाही ते ह्याच्यामुळं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, कॅटलॉगमध्ये माल, वजन, दर लावून ठेवायचे. गावच्या ग्रुपवर जाहिरात करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एका लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात. ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून पाकिटावर नंबर छापताना ‘सेव्ह करा’ असं लिहायचं. आणि काजूचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली तो शिळा दिसतो.

खानापूर_रोड:
सगळ्यांचे आभार. मास्तर आणि वकीलसाहेब, खास करून. एकच शंका: सूचनांच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं म्हटलं तर रात्री दोनला कुणाला रक्त लागलं तर?

निपाणीचा_जुना_अ‍ॅडमिन:
अ‍ॅडमिनपैकी दोघांचे नंबर ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, तातडीच्या कामाला मेसेज नको, फोनच करायचा. रक्ताच्या मेसेजला सहा गोष्टी लागतात: रक्तगट, किती बाटल्या, दवाखाना, पेशंटसोबतच्या माणसाचा नंबर, तारीख आणि वेळ. काम झालं की त्याच मेसेजला रिप्लाय देऊन ‘मिळालं’ लिहा आणि मूळ मेसेज पुसा, नाहीतर तो वर्षभर फिरत राहतो आणि त्या माणसाला रोज फोन येतात.